कणसावरची आडवी रेघ

वाळवंटातल्या स्मारा या निर्वासितांच्या छावणीत रिकामं पोतं कुणी टाकत नाही. त्याचं शेळ्यांच्या कुंपणाला ठिगळ होतं, पाण्याच्या टाकीला झाकण होतं, आणि अगदीच जीर्ण झालं तर दारापुढं पाय पुसायला पडतं. तेकबेर मात्र एका जातीच्या पोत्याबाबत कुणाचं ऐकत नसे. ते रिकामं झालं रे झालं की सुरी घेऊन बसायची आणि त्याच्या बोट-बोट रुंद चिंध्या करायची. ज्यावर एक वर्तुळ, वर्तुळात कणीस आणि कणसावरून आडवी रेघ अशी खूण छापलेली असे, ते पोतं. शेजारची दुमाहा हळहळायची.

“अगं, धडधाकट पोतं फाडतेस! शेळीला पांघरायला तरी दे.”

“मी का फाडते ते सगळ्या छावणीत तुलाच जास्त ठाऊक आहे,” तेकबेर म्हणायची, आणि सुरी चालवत राहायची.

कारण तसंच होतं. तेकबेरला गव्हाचा आजार. डॉक्टर त्याला सिलिअ‍ॅक म्हणतात, पण छावणीत गव्हाचा आजार म्हटलं की झालं, दर गल्लीत एखादा तरी सापडतोच. तिच्यासाठी महिन्याला वेगळं पीठ यायचं, मक्याचं आणि तांदळाचं, त्या खुणेच्या पोत्यातून. एकदा असं रिकामं पोतं दुमाहानं नेलं, धुतलं, वाळवलं आणि त्यात शिध्याचा साधा गव्हाचा आटा भरून ठेवला. पुढच्या महिन्यात तेकबेरचं पीठ लवकर संपलं, तेव्हा ही भली बाई ते पोतं डोक्यावर घेऊन धावत आली. “घे, तुझंच पोतं आहे, माझ्याकडं पडून होतं!” मनात खोट काडीची नव्हती. काय भरलं होतं ते ती चक्क विसरली होती. तेकबेरनं खूण पाहिली, भाकरी थापली, खाल्ली आणि अकरा दिवस अंथरुणात पडून राहिली. उठली ती एक नियम घेऊनच. खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, शिवणीवर ठेवायचा. कारखान्याची शिवण उसवलेली दिसली की खूण कितीही ठसठशीत असो, ते पीठ शेळ्यांना.

तशी ती पहिल्यापासून संशयी नव्हती. सात वर्षांची होती तेव्हा आईचा हात धरून लढाईतून पळत इकडं आली. हाडाची काडी आणि पोटाचा नगारा अशी पोर. मदतीचं पीठ यायचं, आई त्याच्या भाकऱ्या करायची, आणि पोर वाळत चालली म्हणून आणखी एक भाकरी तिच्या पुढ्यात टाकायची. मदत पाठवणारी माणसं भली असतात, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ज्या पोराला ती भाकरीच बाधते, त्याला भाकरीशिवाय दुसरं काही नाही, हे दूरदेशी बसून कुणाला सुचणार? लग्न झालं, सालेक नवरा मिळाला, पाण्याचा टँकर चालवणारा, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. दोनदा दिवस राहिले, दोन्हीदा गर्भ गळून गेला. एकोणतिसाव्या वर्षी बाहेरून आलेल्या एका डॉक्टरीणबाईनं तिचं रक्त तपासलं आणि सांगितलं, गहू बंद, सातू बंद, ते चिकट सत्त्व ज्यात ज्यात आहे ते सगळं बंद. दोन वर्षांत तिला मुलगा झाला, अंगावर मांस आलं. गव्हाचं तिला काही वाटलं नाही. गहू परक्याचा. सातू बंद म्हटल्यावर मात्र ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली.

कारण सातू हे घर होतं. समुद्राकडच्या त्यांच्या मुलखात पाऊस पडला की खोलगट जमिनीत पाणी साचायचं, आणि वडील उंटाला नांगर जुंपून तिथं सातू पेरायचे. मग आई तो तापल्या वाळूत भाजायची, जात्यावर दळायची, आणि त्या पिठात शेळीचं दूध, जरासं तूप, चिमूटभर साखर घालून वाडग्यात कालवायची. पळायच्या दिवशी सकाळी तेकबेरनं तेच खाल्लं होतं, अर्धंच, कारण बाहेर गाडी उभी होती. उरलेलं अर्धं वाडगं तिथंच राहिलं. आणि राहिली मोठी बहीण अघैला, सोळा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन लायून शहरात गेलेली. मधे लढाई आली, मग मुलूख मधोमध चिरणारी वाळूची लांबच लांब भिंत आली, सुरुंग आले, आणि भिंतीच्या पलीकडचं सगळं पलीकडंच राहिलं. छावण्यांना लोकांनी आपल्या सुटलेल्या गावांची नावं दिली. पाटीवर स्मारा, आत नुसती वाळू.

आई शेवटच्या दुखण्यात काही मागत नव्हती. एकदाच म्हणाली, “आपल्या सातूचा एक घास मिळाला असता तर तोंडाची चव घेऊन गेले असते.” छावणीच्या बाजारात सातू मिळायचा, सालेकनं आणला. आईनं हुंगला आणि बाजूला ठेवला. तो दुसरीकडचा होता.

दोन हजार अकरा साली भेटीच्या यादीत नाव लागलं. संयुक्त राष्ट्रांचं विमान भिंतीपलीकडची माणसं पाच दिवसांसाठी इकडं आणायचं, आणि इकडची तिकडं न्यायचं. लोक वर्षानुवर्षं यादीकडं डोळे लावून बसलेले. सालेक कागद नाचवत तंबूत शिरला. “तेकबेर, तुझी बहीण येतेय! आता माझी तक्रार करायला तुला माहेरचं माणूस मिळालं!”

त्या आठवड्यात फोनवर दोघी खूप बोलल्या. छत्तीस वर्षांत दोघींचे आवाज आईसारखे झाले होते, त्यामुळं आधी दोघीही थोडा वेळ रडल्या. मग तेकबेरनं बजावलं, “हे बघ, येताना बिस्किटं, केक, असलं काही आणू नकोस. मला गव्हाचा आजार आहे, चालत नाही.”

“मग काय चालतं तुला?”

“एक खूण असते. वर्तुळ, त्यात कणीस, कणसावरून आडवी रेघ. ती असेल तरच मी खाते, नाहीतर हात लावत नाही. लक्षात राहील ना?”

“न राहायला काय झालं? अब्बांच्या उंटांच्या खुणा अजून पाठ आहेत मला,” अघैला म्हणाली.

या वाक्यापाशी तेकबेरनं थांबायला हवं होतं. पण आनंदात माणसाला कान नसतात.

विमान उतरलं, ढोल वाजले, बायांनी जिभेनं आनंदाचा गजर केला. जिन्यावरून उतरणाऱ्या बायकांत तेकबेर सोळा वर्षांची, भरल्या अंगाची, मोठ्यानं हसणारी पोरगी शोधत होती. समोर येऊन उभी राहिली ती वाळलेली, पिवळी, लुगड्याखाली पोट तेवढं पुढं आलेली एक म्हातारी. बावन्न वर्षं हे काही म्हातारपणाचं वय नव्हे.

“काय पाहतेस?” अघैला म्हणाली. “तुम्ही गेलात आणि मला विरहानं खाल्लं. सगळे हेच म्हणतात. जेवले की पोटात पीळ पडतो. हकीम झाले, डॉक्टर झाले. एकानं झोपेच्या गोळ्या दिल्या. अगं, बहिणीला गोळी असते का कुठं?”

तंबूत अख्खी गल्ली जमली होती. चहाचा पहिला पेला फिरला आणि अघैलानं गाठोडं सोडलं. त्यांच्यात पाहुण्याची भेट चारचौघांत उघडायची आणि घरच्या बाईनं तिथंच पहिला घास घ्यायचा. गाठोड्यातून जाड सुती कापडाची एक थैली निघाली. थैलीवर लाल दोऱ्यानं भरलेलं वर्तुळ, त्यात हिरवं कणीस, आणि कणसावरून काळ्या दोऱ्याची आडवी रेघ. टाका असा बारीक की दुमाहानं जवळ जाऊन बोट फिरवून पाहिलं.

“सगळी दुकानं पालथी घातली,” अघैला म्हणाली, “तुझी खूण कुठं मिळेना. मग म्हटलं, दुकानदार कोण लागून गेला? आपल्या उंटावर आपली खूण आपणच टाकतो ना? ही तेकबेरची खूण, तर तेकबेरच्या पिठावर मी टाकते. विमानात दुसऱ्या कुणी हात लावला नाही, बघ!”

तिनं थैलीचं तोंड सोडलं आणि तंबूत भाजलेल्या सातूचा वास पसरला.

“अब्बांच्या शेतातला. दीर अजून पेरतात, पाऊस पडेल तेव्हा. मी स्वतः भाजला, स्वतः दळला. तुझा आजार गव्हाचा, आणि हा तर सातू. आपला. मी तर औषध म्हणून रोज सकाळी हेच घेते.”

तेकबेरच्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही. या एका वासासाठी आई तळमळत गेली होती. छावणीतल्या दहा घरांत हिंडून जी बाई सांगायची, सातूही विषच, खूण पाहा, शिवण पाहा, तिनं त्या खुणेकडं पाहिलं. असली खोटी खूण तिनं जन्मात पाहिली नव्हती, आणि इतक्या मायेची पण नाही. दुमाहानं तिच्याकडं भेदरून पाहिलं.

“उद्या,” तेकबेर म्हणाली. “आज तू दमलीस. उद्या आईसारखं कालवू.”

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. पाहुणीची भेट उद्यावर टाकलेली कुणी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेळी कापली, मग शेजारी आले, मग वारा सुटला आणि तंबूत वाळू भरली. तेकबेरला निमित्तं पुरली. अघैला पाव तोडून रश्श्यात बुडवायची, दोन घास खायची आणि कूस दाबून बसायची. तिच्याकडं पाहताना तेकबेरच्या मनात काहीतरी टोचलं. पण थैलीतलं पीठ आपल्याला चालत नाही हे लपवण्यातच ती इतकी गुंतली होती की ते टोचणं तिनं बाजूला सारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघीच होत्या. अघैलानं न विचारता वाडगं घेतलं, पीठ घातलं, दूध ओतलं, तूप सोडलं आणि कालवलं. मग वाडगं धाकटीपुढं ठेवून म्हणाली, “आता आज कुठलं निमित्त आहे?”

“अघैला, ऐक ना. डॉक्टरनं सातूसुद्धा...”

“डॉक्टर!” अघैलाचा आवाज चढला. “मला सरळ सांग. छत्तीस वर्षं परक्यांनी पाठवलेल्या पोत्यावर तू डोळे मिटून विश्वास ठेवतेस. ती खूण कुणी छापली, कुठं छापली, त्या माणसाचं तोंड तरी पाहिलंयस? आणि मी भरलेल्या खुणेवर तुझा विश्वास नाही. माझ्या हाताला काय झालं? तिकडं राहिले म्हणून मी बाटले का गं?”

“असं बोलू नकोस.”

“मग काय बोलू? मला वाटायचं, तूही इकडं माझ्यासारखीच झुरत असशील. तू तर चांगली जाडजूड झालीस. बरं झालं म्हणा. एकीला तरी झळ लागली नाही.”

हे मात्र तेकबेरच्या वर्मी लागलं. उरले होते अडीच दिवस. ही अशीच रुसून विमानात बसली तर उरलेल्या आयुष्यात समजूत काढायला कुणी भेटणार नव्हतं. पोट दुखेल, दहा दिवस दुखेल, बरं होईल. तिनं वाडगं ओढलं आणि तीन बोटांनी घास उचलला.

चव तीच होती. धुराची, तुपाची, थोडी कडवट. सात वर्षांची तेकबेर अर्धं वाडगं सोडून उठली होती, ती आता खाली बसली आणि तिनं ते संपवलं. पुसून खाल्लं. अघैला तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तेवढा वेळ तेकबेरला कशाचीही कमी नव्हती, हे तिनं पुढं शपथेवर सांगितलं.

दुपारी तिचा चेहरा पांढरा पडला. उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, आणि ती डाव्या कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन, मुठीनं बेंबीखाली दाबत पडली. दुमाहा धावत आली, रिकामं वाडगं पाहिलं आणि ओरडली, “खाल्लंस? तू? मी चुकून चारलं तर वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस, आणि आज जाणूनबुजून खाल्लंस?”

“गप्प बस, दुमाहा,” तेकबेर कण्हली. “तिला कळू देऊ नकोस.”

पण अघैला दारातच उभी होती. ती घाबरलेली नव्हती. ती वाकून, डोळे बारीक करून, बहिणीच्या मुठीकडं पाहत होती.

“मूठ तिथंच का दाबलीस?” तिनं विचारलं.

“तिथंच पीळ पडतो.”

“डावी कूस का?”

“उजवीवर जास्त दुखतं.”

अघैला तिच्याजवळ खाली बसली. “आधी पीळ. मग हाडं दुखतात. मग पायऱ्या चढवत नाहीत. तोंडात फोड येतात. खरं आहे?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगेल? तू माझी नक्कल करतेयस.” आणि मग अगदी हळू म्हणाली, “तेकबेर, माझी पाच गेली. एकही नऊ महिन्यांपर्यंत पोचलं नाही.”

तेकबेर दुखणं विसरून उठून बसली. दोन दिवस जे टोचत होतं ते तिला आता समोर दिसलं. ती काडी झालेली मनगटं, ते नगारा झालेलं पोट. छावणीतल्या परक्या पोरांत तिनं हे शंभरदा ओळखलं होतं. स्वतःच्या बहिणीत ओळखलं नाही, कारण बहीण म्हणाली विरह, आणि तेकबेरला ते ऐकायला बरं वाटलं होतं. हे ती स्वतःला कधी माफ करू शकली नाही.

“अघैला,” ती म्हणाली, “तो विरह नव्हे. पाव आहे तो. आणि सातू.”

“सातू नाही.”

“सातू पण. रोज सकाळी.”

अघैलानं थैलीकडं पाहिलं. ती भांडली नाही, हेच तेकबेरला सहन होईना. अघैला थैलीचं तोंड आवळत म्हणाली, “अब्बांचं तेवढंच तर राहिलं होतं माझ्याकडं.”

चौथ्या दिवशी सालेकनं दोघींना टँकरमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. परिचारिकेनं सगळं ऐकून घेतलं, तपासणीचं नाव कागदावर लिहून दिलं आणि बजावलं, तिकडं जाऊन आधी रक्त तपासा. अंदाजानं काही बोलता येत नाही. आणि तपासणी होईपर्यंत नेहमीचंच जेवण जेवा, नाहीतर आजार रक्तात दिसायचा नाही.

“म्हणजे आणखी थोडे दिवस दुखू द्यायचं?” अघैला म्हणाली. “देते की. इतकी वर्षं फुकट दुखलं, आता कामासाठी दुखू दे.” सालेक हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही.

पाचव्या दिवशी तेकबेरनं थैलीतलं सातूचं पीठ झाकणाच्या बरणीत काढलं. थैली उलटी केली, झटकली, तीन पाण्यांतून धुतली आणि उन्हात टाकली. त्या महिन्याचं तिचं पीठ किलोकिलोच्या बंद पिशव्यांत आलं होतं. चारच उरल्या होत्या. चारही पिशव्यांच्या कडा तिनं बोटानं तपासल्या, कुठं फुटलेल्या नाहीत ना पाहिलं, आणि चारही त्या थैलीत घातल्या.

“आणि तू काय खाशील?” अघैलानं विचारलं.

“भात. पुढचं पीठ येईलच की.” ते कधी येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. “आधी तपासणी, मग हे उघड. आणि ऐक, थैलीवर विश्वास ठेवू नकोस. आतल्या पिशवीवरची खूण बघ, आणि ती बंद आहे का ते बघ.”

अघैलानं लाल वर्तुळावर हात ठेवला. “पण आता ही खूणही खरीच आहे ना?”

“आता आहे,” तेकबेर म्हणाली.

विमान गेलं. सातूची बरणी तंबूतच राहिली. ती फेकायला तेकबेरचा हात धजेना आणि उघडायलाही. शेवटी तिनं एक तोड काढली. शुक्रवारी दुमाहाला बोलवायची, तिच्याच वाडग्यात तिच्याच हातानं कालवायला लावायची, आणि पीठ उडून अंगावर येऊ नये म्हणून स्वतः वाऱ्याच्या उलट बाजूला बसायची.

“कसं लागतंय?”

“चांगलं आहे.”

“चांगलं म्हणजे? नीट सांग ना.”

“आता काय सांगू? सातूसारखं लागतं.”

“धुराची चव येतेय का? शेवटी, घास गिळल्यावर?”

दुमाहा डोळे मिटायची, घास घोळवायची. ती बिचारी शब्दांची नव्हे, पण प्रामाणिक. “हो,” म्हणायची. “येतेय. गिळल्यावर येतेय.” मग तेकबेर मान डोलवायची आणि चहा ओतायची. पुढच्या काही शुक्रवारांत बरणी संपली.

तपासणीचा निकाल तेकबेर म्हणाली तोच निघाला. थैलीतलं पीठ पुरलं तेवढं पुरलं, नंतर अघैला भात, मका आणि डाळीवर राहू लागली, दुकानातले पुडे डोळ्यांशी धरून खूण शोधू लागली. सहा महिन्यांनी तिचा फोन आला. आवाजात दम होता. पायऱ्या चढते म्हणाली, जेवण अंगी लागतं म्हणाली, नवरा ओळखत नाही म्हणाली. तेकबेर इतकी हसली की सालेक टँकर सोडून पाहायला आला.

“म्हणजे आता दुखत नाही ना? अजिबात?”

“पोट गप्प आहे,” अघैला म्हणाली. “छत्तीस वर्षं मी त्यालाच विरह समजत होते. म्हटलं, आता तोही गेला असेल. पण परवा संध्याकाळी चहा ठेवला आणि चुकून एक पेला तुझाही भरला, तेव्हा कळलं. तो तसाच आहे गं. पोट मधे ओरडत होतं, म्हणून मला नीट ऐकू येत नव्हता.”